चौकातले कूलर आणि मागच्या खोलीतले वाय-फाय : महालातील एका कार्यालयाचे प्रकरण

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर करसल्लागारांचे कार्यालय आहे. वरच्या मजल्यावर मालकांचे बिऱ्हाड आणि खाली कार्यालय, अशी विभागणी आहे. कामावर १९ माणसे असतात आणि लॅपटॉप, मोबाइल व प्रिंटर धरून एका वेळी वाय-फायवर असणारी साधने ४५च्या आसपास भरतात. या कार्यालयातील अ‍ॅक्सेस पॉइंटची, म्हणजे वाय-फायच्या लहरी पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या उपकरणाची, जागा मी दोनदा ठरवली. पहिल्यांदा ती चुकली. ती का चुकली हे समजण्यासाठी आधी वाड्याची रचना लक्षात घ्यावी लागेल.

रस्त्याकडच्या बाजूला दिवाणखाना आहे. तेथे सहा जण बसतात आणि पक्षकारांची ये-जाही तेथेच असते. दिवाणखान्यामागे ओसरी आणि तिच्यासमोर साधारण १८ फूट बाय २० फूट मोकळा चौक आहे. चौकाच्या उत्तरेला दोन खोल्या असून त्यांपैकी एक मुख्य सल्लागारांची केबिन आहे. दक्षिणेला एक लांबट खोली आहे. तेथे लेखा विभागातील सहा जण काम करतात. पश्चिमेला माजघर आणि त्याच्याही मागे जुन्या फायलींची अंधारी खोली आहे. दोन्ही बाजूंचे वाडे भिंतीला भिंत लागून असल्यामुळे बाहेरच्या भिंतींना खिडकी म्हणून नाहीच. प्रत्येक खोलीची खिडकी चौकातच उघडते. भिंती चुन्यात चिणलेल्या, पावणेदोन फूट जाडीच्या आहेत. उत्तरेच्या दोन खोल्यांमधली भिंत तेवढी अलीकडे घातलेली, साडेचार इंची आहे.

जानेवारीत मला बोलावले गेले तेव्हा इंटरनेट पुरवठादाराने बसवून दिलेला राउटर दिवाणखान्यातील एका कोनाड्यात होता. तार तेथून आत आली होती म्हणून राउटरही तेथेच राहिला, एवढेच त्या जागेचे समर्थन. पावणेदोन फुटी भिंतीत कोरलेला कोनाडा म्हणजे राउटरच्या मागे, वर, खाली आणि दोन्ही बाजूंना वीट असते. मोकळी असलेल्या एकमेव बाजूला लोखंडी कपाटाचे दार अर्धे आडवे येत होते. मागच्या खोल्यांत वाय-फाय मिळत नाही, ही तक्रार ऐकून मला नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते.

जानेवारीतील निर्णय

भिंतींमधून लहरी पाठवण्याचा विचार मी पहिल्याच तासात सोडून दिला. दिवाणखान्यात एक अ‍ॅक्सेस पॉइंट तात्पुरता ठेवून शेजारच्या दक्षिणेकडील खोलीत, दार लावून आणि खिडकीपासून दूर बसून मोजले, तेव्हा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात (येथील वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांत चालते) त्या एका भिंतीने जवळजवळ ३० डीबी खाल्ले. डीबीचे माप ज्यांच्या रोजच्या वापरात नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर ३ डीबी कमी म्हणजे शक्ती निम्मी, १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा, आणि ३० डीबी कमी म्हणजे हजारावा हिस्सा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले तर ६ डीबी जातात. म्हणजे ही एक भिंत ओलांडणे आणि अंतर बत्तीसपट वाढवणे हे लहरींच्या दृष्टीने जवळपास सारखेच.

त्यापेक्षा चौक मोकळा होता. सगळ्या खिडक्या चौकात उघडत असतील तर चौकालाच वाट मानावे, असा हिशेब करून मी ओसरीच्या तुळईला एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. नकाशावर पाहिले तर ती जागा वास्तूच्या जवळपास मध्यावर येत होती आणि तेथून चारही बाजूंच्या खिडक्या दिसत होत्या. प्रसारणशक्ती १७ डीबीएम ठेवली. डीबीएम म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबीत सांगितलेली शक्ती. खोलीत पोहोचणारा संकेत फार क्षीण असल्यामुळे त्याचा आकडा उणे येतो, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका संकेत चांगला. दक्षिणेच्या खोलीतील मधल्या टेबलावर उणे ६२ डीबीएम, माजघरात उणे ६४ आणि केबिनमध्ये उणे ५८ असे आकडे मिळाले. दूरध्वनी आणि व्हिडिओ बैठका सुरळीत चालण्यासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला संकेत असावा, असा आमच्या कामातील सर्वसाधारण दंडक आहे. तो सगळीकडे पाळला जात होता, शिवाय दोनऐवजी एकाच उपकरणात काम भागले होते. मी समाधानाने बिल दिले.

निघताना कार्यालयातील शिपाईकाका म्हणाले, “उन्हाळ्यात येऊन पाहा नं साहेब. कूलर लागले का मागच्या खोलीतलं नेट गेलंच समजा. दरसालचं आहे ते.” कूलरच्या मोटारीमुळे विजेचा दाब खाली-वर होत असेल आणि त्यामुळे जुना राउटर बंद-चालू होत असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि त्यांना तसे सांगितलेही. राउटरला आता यूपीएस आहे, काळजी नको, असे आश्वासन देऊन मी बाहेर पडलो.

एप्रिलमधील तक्रार

एप्रिलच्या १८ तारखेला फोन आला. वस्तू व सेवा कराचे मासिक ३-बी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत लेखा विभागाचा प्रत्येक लॅपटॉप सरकारी संकेतस्थळावर असतो. पान अर्धवट उघडून थांबते, हे पाहून आधी सगळ्यांनी संकेतस्थळाच्या नावाने बोटे मोडली. पण दिवाणखान्यात बसलेल्यांची विवरणपत्रे त्याच वेळी व्यवस्थित जात आहेत हे लक्षात आल्यावर माझी आठवण झाली.

मी जागेवर न जाता दुरूनच प्रसारणशक्ती १७ वरून २३ डीबीएमवर नेली, म्हणजे चौपट केली. मोबाइलवरच्या काड्या वाढल्या, पण काम सुधारले नाही. याचे कारण मला ठाऊक असायला हवे होते. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि लॅपटॉप यांचे बोलणे दुतर्फा असते. पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच परत यावी लागते. अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज वाढवला तरी लॅपटॉपचा आणि विशेषतः १२ ते १५ डीबीएमच्या आसपास बोलणाऱ्या मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. गच्चीवरून भोंगा लावून हाक मारली तर ती गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, पण तिथल्या माणसाचे उत्तर ऐकायला भोंग्याचा काही उपयोग नाही. काड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही, अशी अवस्था अनेक कार्यालयांत दिसते तिचे मूळ बहुधा येथे असते.

२१ तारखेला दुपारी सव्वादोनला मी वाड्यात शिरलो. चौकात पाऊल टाकताच पाच मोठे कूलर दिसले. जानेवारीत ते वरच्या मजल्यावर झाकून ठेवलेले होते. बाहेरच्या भिंतींना खिडक्या नसल्यामुळे कूलर लावायला जागा चौकातच. पाण्याचा नळही तेथेच. पाचही कूलर लोखंडी स्टँडवर चढवून खिडक्यांना असे भिडवलेले होते की खिडकीचे तोंड पूर्ण बंद झाले होते. उरलेल्या फटी कुठे प्लायवूडने, कुठे थर्मोकोलने आणि दक्षिणेच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याच्या पट्टीने बुजवल्या होत्या.

ज्या वाटेवर मी सगळा हिशेब बेतला होता, त्या वाटेवर आता प्रत्येक खोलीच्या तोंडाशी पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी आणि तिच्या तीन बाजूंना भिजलेले गवत उभे होते. पत्रा लहरी परतवतो. पाणी त्या शोषून घेते, आणि २.४ गिगाहर्ट्झपेक्षा ५ गिगाहर्ट्झला अधिक शोषते. २.४च्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची पाच ते सहा सेंटिमीटर असते. लांब लहर कडेने थोडी तरी वळून जाते, आखूड लहर तेवढी वळत नाही. खिडकीतल्या कूलरपुढे दुसरीचे काही चालत नाही.

कूलरची परीक्षा

तरीही कूलरचा नेमका कोणता भाग किती अडवतो, हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजलेले बरे, असे मला वाटले. एकदा अंदाजानेच फसलो होतो. दक्षिणेच्या खोलीतील मधले टेबल, जानेवारीत वापरलेला तोच लॅपटॉप, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि पुन्हा १७ डीबीएमवर आणलेली शक्ती, एवढ्या गोष्टी मी कायम ठेवल्या. प्रत्येक वेळी एक मिनिटभर नोंद घेऊन तिची सरासरी धरली, कारण क्षणोक्षणी आकडा चार-पाच डीबीने हलत असतो. एकट्या आकड्यावर किती विसंबावे हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. मे २०२४मध्ये येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांचे तापमान दाखवले आणि नंतर हवामान खात्याला संवेदकातच बिघाड असल्याचे सांगावे लागले.

कूलर चालू असताना आकडा उणे ७९ होता. पंखा आणि पंप दोन्ही बंद केले. आकडा उणे ७९च राहिला. मोटारीमुळे नेट जाते ही माझी जानेवारीतील समजूत तेथेच निकालात निघाली. मग शिपाईकाका आणि आणखी एक जण अशा दोघांनी मिळून कूलर स्टँडसकट खिडकीपासून बाजूला ओढला. आकडा उणे ६३ झाला, म्हणजे जानेवारीच्या आकड्याशी जुळला. टाकी रिकामी करून, गवत वाळेपर्यंत थांबून (एप्रिलच्या दुपारी त्याला फार वेळ लागला नाही) कोरडा कूलर पुन्हा खिडकीला लावला तेव्हा उणे ७४ मिळाले. पत्र्याची पट्टी काढून तेथे प्लायवूड लावले तर उणे ७१. पुन्हा पाणी भरून गवत भिजवल्यावर उणे ७६.

जानेवारी ते एप्रिल हा फरक १७ डीबींचा, म्हणजे पन्नासातला जेमतेम एक हिस्सा खोलीत पोहोचत होता. त्यातील मोठा वाटा कूलरच्या पत्र्याचा, पाच-एक डीबी पाण्याचे आणि तीन डीबी त्या बोटभर रुंद पट्टीचे. पट्टी बदलून तीन डीबी फुकटात मिळाले, परंतु तेवढ्याने उणे ६७ गाठता येत नव्हते.

नवी जागा

मुख्य सल्लागारांनी विचारले, “एखादा कूलर हलवला तर चालणार नाही का?” मी नाही म्हणालो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिलेल्या शहरात वाय-फायसाठी लेखा विभागाचा कूलर काढा, असा सल्ला देणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभे करणार नाही. चौकात पावसापाण्यात टिकणारा बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा, अशीही सूचना आली. मात्र अडचण चौकातल्या ताकदीची नव्हती, खिडकीतल्या अडथळ्याची होती. खोल्यांत बिनतारी रिपीटर ठेवण्याचा पर्याय स्वस्त दिसत होता, परंतु रिपीटरलाही मूळ संकेत त्याच बुजलेल्या खिडकीतून घ्यावा लागला असता, आणि तोच तुकडा घेऊन पुन्हा त्याच वाहिनीवर पाठवण्यात निम्मा वेळ गेला असता. लहरी आत जात नसतील तर तार आत न्यायची, हा एकच मार्ग उरला.

पाच खोल्यांना पाच अ‍ॅक्सेस पॉइंट लावणे सोपे होते, पण गरज तेवढी नव्हती. उत्तरेकडील साडेचार इंची भिंत सहा-सात डीबीच खात होती, त्यामुळे तेथील दोन्ही खोल्यांना मिळून एक पुरेसा होता. ओसरीतला दिवाणखान्यात आणला. उरली दक्षिणेची खोली आणि माजघर. या दोहोंमधल्या भिंतीत सागवानी दार आहे, आणि कूलरची हवा खेळती राहावी म्हणून उन्हाळ्यात ते दिवसभर उघडेच ठेवतात. कूलरच्या खोलीतून हवा बाहेर पडायला वाट नसेल तर नुसती दमट उकड होते. म्हणून माजघरातील अ‍ॅक्सेस पॉइंट त्या दाराच्या सरळ रेषेत ठेवायचे ठरवले. मात्र उघड्या दाराच्या भरवशावर निर्णय घेतला नाही. उघड्या खिडक्यांच्या भरवशावर एकदा घेतलाच होता. दार लावूनही मोजले.

माजघरात जागा ठरवताना आणखी एक गोष्ट आडवी आली, ती म्हणजे खोलीच्या मध्ये ओळीने उभी असलेली लोखंडी कपाटे. कपाटांची उंची साडेसहा फूट, अ‍ॅक्सेस पॉइंटची तुळईखालची उंची १० फूट आणि टेबल अडीच फुटांवर. तार झरोक्यातून आत येत होती, तेथेच उपकरण लावले असते तर ते कपाटांपासून सात फुटांवर आले असते. सात फुटांत साडेतीन फूट उतरणारी रेषा कपाटाच्या माथ्यावरून पुढे टेबलापर्यंत न्या. आणखी चार फूट उतरायला तिला आठ फूट लागतात. म्हणजे कपाटांमागे आठ फूट सावली, आणि तीन टेबले तिच्या आत. उपकरण कपाटांपासून चार फुटांवर घेतले की तीच सावली साडेचार फुटांची होते आणि ती ये-जा करण्याच्या बोळातच संपते. लहरी इकडून तिकडून आदळून सावलीतही थोड्याफार पोहोचतात हे खरे, पण ज्या टेबलावर माणूस आठ तास बसतो त्याला परावर्तनाच्या उपकारावर ठेवू नये, असे माझे मत आहे. चार फुटांवरची ती जागा दाराच्या रेषेतही बसली. छतासाठीचा अ‍ॅक्सेस पॉइंट तुळईच्या पोटाला सपाट, तोंड जमिनीकडे करून बसवला. हाच भिंतीला उभा लावला तर त्याचा पसारा आडवा न राहता वर-खाली जातो, आणि येथे वर मालकांचे बिऱ्हाड आहे.

तारेचे काम एका दिवसात झाले, त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. देवघराकडच्या भिंतीला छिद्र पाडायचे नाही, अशी मालकांची अट होती. त्यामुळे तुळईच्या कडेने केसिंग पट्टी नेऊन, जुन्या झरोक्यांतून वाट काढत सर्वांत लांब तार ३८ मीटर झाली. मर्यादा १०० मीटरची असल्यामुळे ती अडचण नव्हती. तार मात्र शुद्ध तांब्याची घेतली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, परंतु तिचा रोध अधिक असतो, आणि त्याच तारेतून वीजही जायची असल्यामुळे ती तापते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये दिवाणखाना, उत्तरेच्या खोल्या आणि माजघर येथील तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंटना १, ६ आणि ११ या एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या दिल्या. ५ गिगाहर्ट्झमध्ये परवान्याविना वापरता येणारा भाग भारतात २०१८पासून बराच रुंद झालेला आहे, त्यामुळे तिघांना वेगवेगळ्या वाहिन्या देणे अवघड नव्हते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी अडीचला, पाचही कूलर चालू, टाक्या भरलेल्या आणि माणसे जागेवर असताना मोजणी केली. प्रसारणशक्ती १८ डीबीएम होती. सर्व टेबलांवर उणे ५३ ते उणे ६३ असे आकडे मिळाले. दक्षिणेच्या खोलीत दार उघडे असताना उणे ५८ आणि दार लावल्यावर उणे ६३. फायलींच्या खोलीच्या कोपऱ्यात उणे ७२ होते. तेथे कोणी बसत नाही म्हणून ते तसेच सोडले.

जुलैतील उलटी तक्रार

पाऊस स्थिरावला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात कूलर उतरले. त्यानंतर चार दिवसांनी फोन आला. दिवाणखान्यात मोबाइलवर बोलता बोलता माजघरात गेले की बोलणे तुटते, ही नवी तक्रार होती. खिडक्या मोकळ्या झाल्यामुळे आता तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट चौकातून एकमेकांच्या खोल्यांत डोकावत होते. कोणत्या अ‍ॅक्सेस पॉइंटला धरायचे हे मोबाइल स्वतः ठरवतो, आणि आधीचा जेमतेम ऐकू येत असेल तोवर तो सोडत नाही. मे महिन्यात बंद खिडक्यांनी आपोआप घातलेली हद्द पावसाळ्यात पुसली गेली होती.

मी शक्ती १८ वरून १४ डीबीएमवर आणली आणि १२ मेगाबिटखालचे संथ वेग बंद केले, म्हणजे दूरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहणे मोबाइलला परवडेनासे झाले. मेमधील आकड्यांतून चार वजा केले तरी सर्वांत कमजोर टेबल, तेही दार लावून, उणे ६७वर राहत होते. म्हणून हीच मांडणी वर्षभर चालेल असा माझा हिशेब होता. हिशेबावर या खेपेस थांबलो नाही. पुढच्या एप्रिलमध्ये कूलर चढल्यावर पुन्हा गेलो आणि दक्षिणेच्या खोलीत दार लावून उणे ६६ मोजले.

कूलर चढवल्याची आणि उतरवल्याची तारीख शिपाईकाका आता वहीत लिहून ठेवतात आणि त्या आठवड्यात मला फोन करतात. त्या एप्रिलमध्ये मी पोहोचलो तेव्हा मधल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तयार होता आणि खिडकीतल्या फटीत काकांनी पत्र्याऐवजी प्लायवूड आधीच ठोकलेले होते.